गाडीत सगळे एकत्रच होणार असेल, तर मी कचरा वेगळा का करावा?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरात राहणाऱ्या, पन्नाशीच्या उंबरठ्यावरील एका भगिनीने हे पत्र लिहिले आहे. अडीच एकरांच्या आवारात दोन इमारती आणि ७२ सदनिका असलेल्या सोसायटीत त्या राहतात. गेली सहा वर्षे त्या ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवतात, दुधाच्या पिशव्या तीनदा धुऊन वाळवतात आणि बाजारात कापडी पिशवीच नेतात. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांनी गॅलरीतून पाहिले की कचरा नेणाऱ्या बाईंनी त्यांच्या घरचे दोन्ही डबे ढकलगाडीतल्या एकाच पिंपात ओतले. तेव्हापासून त्यांचा उत्साहच मावळला आहे. पती म्हणतात, ‘खारीचा वाटा उचलायला आधी कुणी सेतू तरी बांधत असायला हवा.’ अभियांत्रिकी शिकणारा मुलगा म्हणतो की खरे प्रदूषण मोठ्या कंपन्या करतात आणि अपराधीपणा मात्र सामान्य माणसाच्या गळ्यात घातला जातो. चिडून त्यांनी शेजारच्या घराबाहेरील अस्ताव्यस्त पिशवीचे छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि त्या शेजारणीशी असलेले पंधरा वर्षांचे येणेजाणे बंद झाले. त्यांचा प्रश्न असा: ‘आता हे सगळे सोडून द्यावे का?’

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते सोडवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असे मला वाटते. मी वेगळा ठेवलेला कचरा शेवटी वेगळा राहतो का, हा पहिला प्रश्न. तो वस्तुस्थितीचा आहे आणि त्याचे उत्तर जिना उतरून खाली गेल्यावर मिळू शकते. इतर कोणी काही करत नसताना मी एकटीनेच का करावे, हा दुसरा. तो दुखावलेल्या मनाचा प्रश्न आहे आणि तो खरा असला, तरी त्याचे उत्तर कचऱ्याच्या पिंपात सापडणार नाही. गॅलरीतल्या त्या सकाळी तुम्हाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यासारखे वाटले आणि त्याच क्षणी दुसऱ्याचाही निकाल लागला. मला तो निकाल जरा घाईचा वाटतो.

तुम्ही जे पाहिले ते खोटे नाही, पण चौथ्या मजल्यावरून कचऱ्याच्या प्रवासाचा एकच टप्पा दिसतो. ज्या बाई तुमच्याकडे येतात त्यांच्या ढकलगाडीवर बहुधा दोन किंवा तीन पिंपे असतात. तुमच्या मजल्यावर येईपर्यंत जर तीस-चाळीस घरांनी भाताची शिते, केसांचा गुंता, औषधांच्या पट्ट्या आणि वर्तमानपत्रे एकाच पिशवीत बांधून दिलेली असतील, तर तुमचा स्वच्छ सुका कचरा ठेवायला त्यांच्याकडे रिकामे पिंप उरतच नाही. म्हणजे तुमचे डबे त्यांनी एकत्र केले असे म्हणण्यापेक्षा, ते आधीच एकत्र झालेल्या ढिगात येऊन पडले, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. शिवाय अनेक शहरांत इमारतीतून कचरा उचलल्यानंतर आणि मोठी गाडी येण्यापूर्वी मध्ये एक टप्पा असतो, जिथे कचरावेचक बसून पुठ्ठा, कागद, बाटल्या आणि धातू निवडून काढतात. तुमच्याकडे तसे होते की नाही, हे मला तुमच्या पत्रावरून कळले नाही. आणि क्षमा करा, पण ते तुम्हालाही ठाऊक असावे असे वाटत नाही. त्या बाईंचे नावही तुमच्या पत्रात कुठे आलेले नाही. सहा वर्षे तुम्ही ज्यांच्या हाती तुमचे काम सोपवत आलात त्यांच्याशी, पैसे देण्याघेण्यापलीकडे, तुमचे कधी बोलणे झाले आहे का?

हा दोषारोप नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात कचरा म्हणजे दाराबाहेर ठेवला की संपणारी गोष्ट असते, आणि वर्गीकरण करणारी माणसेही याला अपवाद नसतात. पण वर्गीकरणाचा सगळा अर्थ दाराबाहेरच सुरू होतो. पुण्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, डॉ. बाबा आढाव यांच्यासारखे कार्यकर्ते तिच्या पाठीशी होते, आणि पुढे तिच्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. घरोघरी जाऊन कचरा गोळा करणाऱ्या या सभासदांना घरांकडून दरमहा शुल्क मिळते आणि निवडून काढलेला सुका माल विकण्याचा हक्कही त्यांचाच असतो. आता कोरडा पुठ्ठा आणि आमटीत भिजलेला पुठ्ठा यांना भंगारच्या दुकानात काय भाव मिळेल, याची कल्पना तुम्हीच करा. शहराच्या शेकडो टन कचऱ्यापुढे तुमच्या घरचा अर्धा किलो सुका माल नगण्यच आहे. पण उकिरड्यावर वाकून दिवस काढणाऱ्या एका बाईच्या रोजच्या कमाईत तो नगण्य नसतो. फुटलेली काच किंवा दाढीचे पाते कागदात नीट गुंडाळून, त्यावर खूण करून दिले, तर तिचा हात कापत नाही. सॅनिटरी पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढला, तर ते हाताने उघडून पाहण्याची वेळ तिच्यावर येत नाही. ही लाल ठिपक्याची साधी खूण ‘स्वच्छ’नेही प्रचारात आणली. पुढे गाडीत काहीही झाले, तरी या दोन गोष्टींचा उपयोग त्याआधीच, त्याच सकाळी झालेला असतो. ‘उपयोग होतो का’ हा प्रश्न तुम्ही शहराच्या मापाने विचारलात म्हणून उत्तर शून्य आले.

आता तुमच्या पतींच्या टोमण्याकडे वळते, कारण मला तो टोमणा तुमच्या पत्रातील सर्वांत विचारपूर्वक केलेले विधान वाटला. खारीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिचा अर्थ ‘लहानांनीही हातभार लावावा’ एवढाच घेतो. पण गोष्ट नीट आठवून पाहा. खार अंगाला वाळू लावून घेते आणि ती किनाऱ्यावर मनाला येईल तिथे झटकत नाही. जिथे वानर दगड रचत आहेत तिथेच, त्या दगडांच्या फटींत ती झटकते. त्याच कणांची समुद्रात दुसरीकडे कुठेही टाकल्यावर नुसती वाळू झाली असती. म्हणजे तुमचे पती म्हणतात त्यात तथ्य आहे: सेतूचे काम कुठेतरी चालू असावे लागते. मात्र यावरून खारीने घरी बसावे असा निष्कर्ष निघत नाही. आपल्या वाळूला लागून दगड कोण ठेवतो आहे ते तिने शोधावे, आणि कोणीच ठेवत नसेल तर आणखी दोन-तीन खारी गोळा कराव्यात. गेली सहा वर्षे तुमचे काम तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी थांबत आले आहे. ते कमी पडले याचे कारण मला त्याच्या आकारापेक्षा त्याच्या एकटेपणात दिसते.

मुलाचे म्हणणेही झटकून टाकू नका. व्यक्तीने आपला ‘कार्बन ठसा’, म्हणजे आपल्या राहणीमुळे हवेत किती कार्बन जातो ते, मोजत बसावे, ही कल्पना या शतकाच्या पहिल्या दशकात एका बड्या तेल कंपनीच्या जाहिरातींमुळेच घरोघरी पोचली, हे त्याने वाचले असणार आणि ते खरे आहे. यंत्रणा हलली की काय होते, याची उदाहरणेही आपल्या जवळच आहेत. १९९४ मध्ये प्लेगच्या साथीने हादरलेले सुरत पुढच्या काही वर्षांत देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले, ते प्रामुख्याने महापालिकेच्या प्रशासनाने कंबर कसल्यामुळे. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले या बारा-तेरा हजार वस्तीच्या गावात नगरपरिषदेने कचरा अनेक प्रकारांत वेगळा घ्यायला सुरुवात केली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, आणि जिथे नाक दाबून जावे लागे त्या कचरा डेपोचा कायापालट झाला. पण वेंगुर्ल्याचे उदाहरण मुलाला पूर्ण सांगा. नगरपरिषदेने आराखडा कितीही चांगला केला असता, तरी घराघरात कोणीतरी माशाचे काटे आणि प्लास्टिकची पिशवी वेगवेगळ्या डब्यांत टाकल्याशिवाय ते यंत्र चालले नसते. आणि कंपन्यांना वा पालिकेला जाब विचारणारा माणूस स्वतःच्या घरी काय करतो, हे समोरचा अधिकारी सर्वांत आधी विचारतो. तो प्रश्न टाळाटाळीसाठी विचारलेला असला, तरी त्याला देण्यासाठी तुमच्याकडे सहा वर्षांचे उत्तर आहे. ते अजून तुम्ही कोणाला दिलेले नाही.

इथे मला गाडगेबाबांची आठवण होते. त्यांचे नाव घेताच आपल्या डोळ्यांसमोर खराटा येतो, शासनाच्या अभियानांनाही त्यांचेच नाव दिले जाते. पण बाबांच्या दिवसाचे दोन भाग असत. दिवसा ते गाव झाडत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात बसवून, प्रश्न विचारून, हसवून, टोचून बोलत. आपण खराटा लक्षात ठेवला आणि कीर्तन विसरलो. तुम्ही सहा वर्षे खराटा इमानाने चालवलात, आणि कीर्तनाची वेळ आली तेव्हा शेजारणीच्या पिशवीचे छायाचित्र सर्वांसमोर टांगलेत.

त्या छायाचित्राबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. तुमची चीड मला समजते, पण त्यातून एकाही घरात डबा वेगळा झाला नसेल; उलट कचरा वेगळा करणे म्हणजे त्या अमक्या वहिनींचा सोवळेपणा, अशी समजूत मात्र पक्की झाली असेल. शेजारणीच्या घरात कोण आजारी आहे, कचरा बाहेर ठेवण्याचे काम कोणाकडे आहे, त्यांना तिसरा डबा ठेवायला जागा तरी आहे का, हे तुम्हाला माहीत नव्हते, आणि पंधरा वर्षांच्या येण्याजाण्यानंतर ते विचारणे अवघड नव्हते. शिवाय एक जरा अडचणीचा प्रश्न विचारते: तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी खरकटे कुठे टाकतात? अनेक घरांत वर्गीकरणाचे श्रेय मालकिणीकडे असते आणि काम मावशींकडे, आणि चूक झाली की बोलणी त्यांनाच बसतात. शेजारणीकडे जा, वाटी घेऊन जा किंवा रिकाम्या हाताने जा, पण छायाचित्र टाकले ते चुकले, एवढे एक वाक्य कोणतेही ‘पण’ न जोडता म्हणा. कचऱ्याचा विषय त्या दिवशी काढू नका.

आता पुढे काय करता येईल ते सांगते. अशीच पत्रे अधूनमधून येत असतात, तेव्हा इतर वाचकांनाही ते उपयोगी पडावे.

सर्वांत आधी एका सकाळी खाली जाऊन कचरा नेणाऱ्या ताईंना नावाने हाक मारा आणि त्यांच्या गाडीबरोबर जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत जा. त्यांना काय विकता येते, काय येत नाही आणि कोणत्या गोष्टीचा सर्वाधिक त्रास होतो, हे त्यांच्याकडूनच ऐका. पुष्कळ वेळा उत्तर अगदी साधे निघते: आणखी एक पिंप हवे असते, किंवा उन्हापावसात माल निवडायला छपराखालची चार हात जागा हवी असते. हे दोन्ही देणे ७२ घरांच्या सोसायटीला मुळीच जड नाही.

दुसरी गोष्ट, आठवडाभर आपल्या घरचा ओला कचरा वजन करून लिहून ठेवा. चार माणसांच्या घरात तो दिवसाला सरासरी सातशे ग्रॅम निघाला असे धरू. मग ७२ घरांचा रोजचा ओला कचरा सुमारे पन्नास किलो आणि वर्षाचा अठरा टनांच्या आसपास होतो. हा आकडा मी दिला म्हणून मानू नका, स्वतःचा काढा, कारण सभेत मांडायला तोच उपयोगी पडेल. ओल्या कचऱ्यावर माझा एवढा भर का, तेही सांगते. खऱ्या त्रासाचे मूळ तोच आहे. ढिगाखाली हवा न मिळता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू निघतो, जो वीस वर्षांचा काळ धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो आणि पेटही घेतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील देवनारच्या डेपोला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर होता. त्याच कुजण्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या शिवारात टाकला गेला त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या, त्यामागे नासलेल्या पाण्याचीही तक्रार होती. तुमचा ओला कचरा आवाराबाहेर गेलाच नाही, तर तो कोणत्याही गाडीत कशातही मिसळण्याचा प्रश्न उरत नाही, आणि सुका माल आपोआप कोरडा राहतो. म्हणून अवघ्या शहराची व्यवस्था सुधारण्याची वाट न पाहता जिथे तुमचा शब्द चालू शकतो असे हेच एक ठिकाण आहे.

सोसायटीत लगेच ७२ घरांचा ठराव आणू नका. तो नामंजूर होईल आणि पुढची पाच वर्षे ‘ते करून पाहिले’ असे ऐकावे लागेल. तीन किंवा चार घरे शोधा. बाजूंना भोके पाडलेले दोन पिंप घ्या, तळाशी काटक्या आणि नारळाच्या शेंड्या घाला, आणि रोजच्या ओल्या कचऱ्यावर साधारण तेवढ्याच आकारमानाचा कोरडा पालापाचोळा पसरत जा. सुरुवातीला आंबट ताक शिंपडले किंवा जुन्या खताची मूठभर माती टाकली तरी विरजणाचे काम होते. आठवड्यातून एकदा खालवर करा. मिश्रण मुठीत दाबल्यावर एखादा थेंब यावा, धार लागू नये. घाण वास येऊ लागला तर पाणी जास्त आणि हवा कमी झाली आहे असे समजावे व पाचोळा वाढवावा. मुंग्या झाल्या तर ते कोरडे पडले आहे. अळ्या दिसल्या की लोक घाबरतात, पण त्या बहुतेक वेळा कुजवण्याचेच काम करत असतात. पिंप भरल्यावर दीड-दोन महिने मुरू द्यावे. माझा स्वतःचा पहिला प्रयोग आठव्या दिवशीच फसला होता, कारण मी झाकण घट्ट लावून त्यात उरलेला डाळभात ओतत राहिले होते; त्या आठवड्यात आलेल्या पाहुण्यांनी सौजन्याने काही म्हटले नाही, एवढेच. पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही, म्हणून शिशिरात पानगळ सुरू झाली की आवारातला पाला जाळू न देता पोत्यांत भरून ठेवावा.

तीन महिने हे नीट चालले, वास आला नाही, तर मग वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय ठेवा आणि त्या चार घरांना बोलू द्या. तुम्ही कमी बोला. सेक्रेटरी कायद्याचे विचारतील, तर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पाच हजार चौरस मीटरांहून मोठ्या गृहसंकुलांवर कचरा वेगळा करण्याची आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली होती, हे सांगा. पाच हजार चौरस मीटर म्हणजे साधारण सव्वा एकर, आणि तुमचे आवार त्याच्या दुप्पट आहे. सध्या लागू असलेले नियम आणि मालमत्ता करात काही सवलत मिळते का, याची चौकशी प्रभाग कार्यालयात लेखी करा, पोच घ्या आणि तारीख लिहून ठेवा. गाडी कचरा एकत्र करत असेल तर तीही तक्रार तशीच लेखी करा. मात्र एक अट सोडू नका: पिंप खालवर करण्याचे काम सोसायटीच्या सफाई कामगारावर टाकायचे असेल, तर त्याचा मोबदला आधी ठरवा आणि हातमोजे द्या. फुकटच्या श्रमावर उभे राहिलेले असे प्रकल्प मी एकाहून अधिक ठिकाणी बंद पडलेले पाहिले आहेत, आणि ते बंद पडले याचे मला फारसे वाईटही वाटले नाही.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, सोडून द्यावे का. काही गोष्टी खरोखरच सोडून द्या. तुम्ही थकला आहात आणि त्या थकव्याचा बराच भाग अनावश्यक सोपस्कारांतून आला आहे, असे मला तुमच्या पत्रातील तपशिलांवरून वाटते. ओला, सुका आणि हाताला इजा किंवा अपाय करणारा, एवढे तीन भाग पाळले तरी पुष्कळ झाले. बाटलीचे झाकण वेगळे, लेबल वेगळे, हे तुमच्याकडून कोणी मागितलेले नाही. कापडी पिशवी विसरून बाजारात गेलात तर त्या दिवशी भाजी न घेता परत येऊ नका. आणि दुधाच्या पिशव्या तीनदा धुण्याची गरज नाही. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा तिला लागूनच राहू द्यावा, एकदा विसळावी आणि उलटी टांगून वाळवावी.